न वाकणारं यंत्र

स्टुडिओच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला सगळे शिडी म्हणत. उंची अशी, की लहानपणापासून त्याची जागा ठरलेली: मागची. वर्गात मागचा बाक, लग्नाच्या फोटोत मागची रांग. घराची चौकट बुटकी, त्यामुळे तो उंबऱ्याशी आला की आई आतून म्हणायची, "वाक रे." पुढे तिला सांगावंही लागेना. दार दिसलं की मान आपोआप खाली जायची, मग त्या दारातून हत्ती का जाईना.

अशा माणसाला टीव्ही मालिकेच्या एका भागात काम मिळालं. शास्त्रज्ञानं बनवलेलं माणसासारखं यंत्र त्याच्यावरच उलटतं आणि प्रयोगशाळेतून बाहेर सुटतं, अशी गोष्ट. यंत्राचा पत्र्याचा पोशाख भलताच उंच झाला होता आणि शिडी फाटकावर आयता उभा होता. चेहरा दिसणार नव्हता, नावही येणार नव्हतं. तरी शिडी हरखला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी पुढे उभं केलं होतं, आणि ही जागा तो सोडणार नव्हता.

घोडं अडलं ते दारात. प्रयोगशाळेतून निघताना ते भयंकर यंत्र पाहुण्यासारखं मान झुकवायचं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कॅमेऱ्यामागची मंडळी हसू दाबत राहिली. दिग्दर्शकाला मात्र हसू आलं नाही.

"यंत्र कुणापुढे वाकत नाही," तो शांतपणे म्हणाला. "उद्या वाकलास, तर पोशाख दुसऱ्याच्या अंगावर जाईल."

त्या संध्याकाळी शिडीनं घरीच सराव मांडला. ताठ मानेनं आत, ताठ मानेनं बाहेर. चौकटीनं आपलं काम चोख बजावलं आणि कपाळावर टेंगूळ आलं. डोकं फिरलं तर फिरू दे, फुटायला नको, असं पुटपुटत आईनं चौकटीला उशी बांधली. सराव चालूच राहिला.

इकडे सेटच्या सुताराला, शिडीच्या जुन्या दोस्ताला, राहवेना. गड्याची मान काही ऐकणार नाही, तेव्हा दारच खाली आणावं, म्हणजे वाकणं शोभून तरी दिसेल, असा त्यानं विचार केला. सकाळी सगळ्यांआधी येऊन त्यानं प्लायवुडची चौकट हातभर खाली ठोकली. शिडीला सांगायला गेला, तोवर शिडीच्या डोक्यावर पत्रा चढला होता. त्यातून धड दिसायचं नाही की ऐकू यायचं नाही. शिडीनं नुसती मान डोलावली, आणि सुताराचा जीव भांड्यात पडला.

शॉट सुरू झाला. दार जवळ आलं तशी शिडीची मान सवयीनं झुकू लागली. त्यानं दात आवळले. नाही म्हणजे नाही. धाडकन आवाज झाला, चौकट खिळ्यांसकट उखडून खांद्यांवर अडकली, आणि ती तशीच घेऊन शिडी चालत राहिला. थांब असं कुणी म्हणालंच नव्हतं. सुतारानं डोळे मिटून घेतले होते. दिग्दर्शकाचे मात्र सताड उघडे होते.

तो भाग लागला तेव्हा शेजारीपाजारी शिडीच्या घरात दाटीवाटीनं बसले. यंत्र चौकट उखडून निघालं, तशी पोरं आयांना बिलगली. शिडीची आई घाबरली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत पोराला ताठ मानेनं दार पार करताना तिनं पाहिलंच नव्हतं, आणि वाकायला शिकवलं होतं तिनंच.

सगळे गेल्यावर ती उठली आणि चौकटीची उशी सोडू लागली.

"तुझ्या त्या सुताराला बोलाव. ही चौकट वर घ्यायची."

शिडी म्हणाला, वरची भिंत फोडावी लागेल.

"फुटू दे," आई म्हणाली.