सिद्रामनं माफ केलं नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि त्याचं कारण फार साधं आहे. मी ती स्वतः बनवलेली आहेत.

सोलापूरच्या एका दैनिकाचं सिनेमाचं पान मी बरीच वर्षं सांभाळत होतो. शूटिंगच्या बंगल्यात ऐकू येणारे पैंजण, नायिकेच्या आरशात दिसलेली तिसरीच बाई... असला सगळा मजकूर होटगी रोडवरच्या माझ्या घरी, भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता तयार व्हायचा. एकदा तर न आलेल्या गायकाच्या मैफलीचं परीक्षण मी छापलं. ‘आवाज किंचित बसला होता’ असंही वर लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या गायकाचा फोन आला. आवाज अजिबात बसलेला नव्हता.

पान बंद झालं आणि मी चरित्रकार झालो. फरक एवढाच, की आधी नटांबद्दल त्यांना न विचारता खोटं लिहायचो, आता विचारून लिहू लागलो. बायकोला – सुनंदाला – ही बढती वाटत नाही. तिच्या मते मी पूर्वी निदान घरी वेळेवर यायचो.

तर हा प्रसंग एका चरित्राचा. नायक पुण्यात राहणारे, ऐंशीच्या घरातले एक नट. खरं नाव देत नाही, कारण ते हयात आहेत आणि त्यांचा वकीलही हयात आहे. आपण त्यांना रावसाहेब म्हणू. मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “यात मी फारच सज्जन दिसतोय हो.”

“साहेब, तुम्ही सांगितलं तसंच लिहिलंय.”

“म्हणून तर खोटं वाटतंय. थोडा माज दाखवा. तरुणपणचा. आणि मग पश्चात्ताप. वाचक रडला पाहिजे.”

“असा काही प्रसंग आहे का?”

“प्रसंगही मीच द्यायचा, तर तुम्हाला कशाला ठेवलंय?”

मी विचारलं, सोलापुरात घडवू का? माझ्या माहितीचं गाव, शिवाय इथं चार प्रती जास्त खपतील. ते म्हणाले, “घडवा. जन्मात पाय ठेवला नाही मी तिथं. कोण बघायला येतंय?”

मग मी घडवलं. नवा सिनेमा लागलाय, तरुण रावसाहेब देव प्रकटावा तसे टॉकीजवर येतात, डोअरकीपर त्यांना ओळखत नाही आणि तिकीट मागतो. रावसाहेब त्याच्या डाव्या कानाखाली वाजवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीवर जाऊन पाया पडतात. तो त्यांना पोटाशी धरतो, त्याची बायको चहा करते. डोअरकीपरचं नाव ठेवलं सिद्राम, कारण सोलापुरात ही हाक मारली तर अर्धा बाजार मागं वळेल.

एक वाक्य मात्र मला इतकं आवडलं होतं की मी स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. चापटीनं सिद्रामच्या हातातली बॅटरी पडते, काच तडकते, आणि तेव्हापासून त्या उजेडात एक काळी रेघ पडते – अंधारात खुर्च्या शोधणाऱ्या लोकांच्या तोंडावर ती रेघ. सुंदर होतं. पण त्यामुळे वाचक सिद्रामच्या बाजूनं जात होता आणि चरित्र रावसाहेबांचं होतं. तेव्हा मी ते लगेच पुसून टाकलं. कुणाला पाठवलं नाही, कुठं छापलं नाही. सुनंदालासुद्धा वाचून दाखवलं नाही, कारण ती ऐकत नाही.

पुस्तक आलं. सोलापूरचा संबंध म्हणून आमच्याच जुन्या दैनिकानं ते प्रकरण रविवारी छापलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, एक म्हातारी बाई दारात उभी राहिली. पंचाहत्तरीच्या पुढची, सडपातळ, इरकल नेसलेली.

“तुमीच का ते पुस्तक लिवणारं?”

“हो. या आजी, बसा.”

“बसाया न्हाई आले,” म्हणाली आणि बसली. “मी शरणव्वा. सिद्रामची बायको.”

मला हसू आलं. आमच्या ऑफिसातल्या जुन्या टोळक्यानं पाठवलं असणार, असं वाटलं. तसले उद्योग आम्ही सगळ्यांनी केलेले आहेत. “कुणी पाठवलं तुम्हाला?”

“कोन पाठिवतंय? सुनेनं पेपर वाचून दाखिवला. तितं लिवलंय, हिरो घरला आला, पाया पडला, आन् माज्या नवऱ्यानं त्याला पोटाशी धरलं. कवा धरलं ओ? तुमी बघाया हुता का?”

“आजी, बघायला कुणीच नव्हतं. ते मी रचलंय. सगळंच.”

“सगळं कसं? चापट खरी हाय की.”

“चापटसुद्धा मीच...”

“तुमी?” तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमाला त्या टायमाला दात तरी आलते का? डावा कान गेला त्याचा. जल्मभर मी उजव्या अंगाला बसले. जेवताना, यष्टीत, दवाखान्यात. आन् तुमी म्हंताय रचलं.”

डावा कान पेपरात छापलेलाच होता, त्यामुळे मी अजून शांत होतो. नाव काय, कुणाचंही असतं. मग ती म्हणाली,

“आन् बॅटरीचं का लिवलं न्हाई?”

“कुठली बॅटरी?”

“हातातली. पडली की ती. काच तडकली. मालक नवी देईना. मग उजेडात काळी रेघ पडायची. लोकांच्या तोंडावर रेघ आली की लोक शिव्या द्यायचे ह्यालाच.”

सुनंदा पाणी घेऊन बाहेर आली. पाणी आजींना दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमचं तोंड असं का झालंय? काय केलंत आता?”

शरणव्वानं पाण्याला हात लावला नाही.

“मला तुमचं काय नको,” ती म्हणाली. “तेवडं माफीचं खोडा. मरस्तवर त्यानं माफ केलं न्हाई. त्या हिरोचं पोस्टर दिसलं की ह्यो रस्ता बदलायचा. लई लोक म्हनले, सोड की सिद्राम, मोटा मानूस हाय. न्हाई सोडलं. तेवडं एकच त्याचं सोताचं हुतं बगा. ते बी तुमी देऊन टाकलं.”

मी रावसाहेबांना फोन लावला. स्पीकरवर लावला, हा माझा आणखी एक शहाणपणा. सगळं ऐकून ते म्हणाले, “बाई वेडी आहे. आणि तुम्ही तिच्याहून. चहा पाजा आणि रिक्षात बसवा.”

शरणव्वा फोनकडे वाकली. “मी सिद्रामची बायको,” एवढंच म्हणाली.

पलीकडून फोन कट झाला. ती उठली आणि निघून गेली. जाताना सुनंदाला म्हणाली, “बरं नांदतीस गं असल्याबरूबर.”

पुढच्या आठवड्यात रावसाहेबांचाच फोन. “शनिवारी येतोय. तिच्या घरी न्या.”

मला वाटलं, म्हाताऱ्याला प्रसिद्धीची उबळ आली. जुन्या सवयीनं विचारून गेलो, “फोटोग्राफर सांगू का?” त्यावर ते जे बोलले ते या अंकात छापता येणार नाही.

घर शोधायला वेळ लागला नाही. जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत सिद्राम डोअरकीपर म्हटल्यावर पानवाल्यानंच बोट दाखवलं. दुपारची वेळ. दार तिनंच उघडलं. रावसाहेबांना तिनं ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. मी ओळख करून देण्यासाठी घसा खाकरतोय तोवर, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला हा माणूस उंबऱ्याशीच खाली बसला आणि तिच्या पायांना हात लावायला गेला. तिनं पाय मागं घेतले.

“बाई, चुकलो.”

“व्हय. चुकलाव.”

“माफ करा.”

“मी कोन माफ करनार? मारलं त्याला तुमी. त्यो गेला.”

“मग तुम्ही त्याच्या वतीनं...”

“त्याच्या वतीनं ह्यांनी बोललं तेवडं बास झालं,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. मग बघितलं. “लिवा. न्हाई म्हनली म्हनून लिवा.”

रावसाहेबांना उठता येईना. मी काखेत हात घालून त्यांना कसंबसं उभं केलं, तेव्हा माझ्या शर्टाचं बटण तुटून तिच्या दारात पडलं. ती तशीच उभी राहून बघत होती. आम्ही गल्लीत आल्यावर दार लागलं.

गाडीत मी चिडलोच. “साहेब, हे घडलेलं होतं तर मला सांगायचं ना. मी निदान नाव तरी बदललं असतं.”

“घडलेलं नव्हतं,” ते म्हणाले. “सोलापुरात मी आज पहिल्यांदा पाय ठेवलाय.”

“मग पाया कशाला पडलात?”

त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. तळवा लालबुंद होता, बोटांपर्यंत. “फोनवर तिचा आवाज ऐकला तेव्हापासून हा हात असाय. आत्ताच कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी तसा. झिणझिण्या. डॉक्टर झाले, तेल झालं. म्हटलं, पाया पडलो तर थांबेल.”

“थांबलं?”

“वाढलं,” म्हणाले आणि खिडकीबाहेर तोंड केलं. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. निरोप वकिलाकडून आला – चापट ठेवा, माफी काढा. दुसऱ्या आवृत्तीत तसंच आहे. शेवटी ‘ती नाही म्हणाली’ असं आहे. एक प्रत मी शरणव्वाकडे नेऊन दिली. तिनं ती सुनेच्या हातात दिली, ते पान तिथंच उभ्या उभ्या वाचून घेतलं, आणि मला “जावा आता” म्हणाली.

मित्र म्हणतात, लहानपणी कुठंतरी ऐकलं असशील, तेच लिहिलंस. माझं लहानपण बार्शीत गेलं. सिद्राम जिथं कामाला होता ती टॉकीज मी कधी पाहिलेली नाही, आता तिथं मंगल कार्यालय आहे. तरीही मान्य करू, ऐकलं असेल. मग रावसाहेबांचा हात कशानं लाल झाला? ते खोटं बोलत असतील, तर सोलापूरला येऊन पाया पडण्याइतकं खोटं ऐंशीव्या वर्षी कोण बोलतं? कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मला सुचलेलं नाही.

पण खरं सांगू, हल्ली माझी झोप त्यानं उडालेली नाही. मी वर्षानुवर्षं दर आठवड्याला ते पान भरलंय. एका मेकअपवालीला मी चोर ठरवलं होतं. एका जोडप्याचं बाळ दगावल्याचं लिहिलं होतं, कारण खाली चार ओळींची जागा उरली होती. आणि एका स्टंटमनला मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या छपरावरून खाली पाडलं होतं. त्याला नावही दिलं होतं. त्याचा पाय मोडला असं लिहिलं होतं, की तो वाचला नाही असं, ते काही केल्या आठवत नाही. जुने अंक दैनिकाच्या कार्यालयात बांधून ठेवलेले आहेत. कार्यालय माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

मी अजून गेलेलो नाही.