माथ्यावरचे आबा

आबांना मी पायवाटेनं चालताना एकदाही पाहिलं नाही. उतारावरून पाणी जसं येतं तसे ते चालत. मधेच तिरके, मधेच थांबून, वाकून काठीच्या टोकानं माती उकरत. जळकोट तालुक्यातल्या त्यांच्या गावात आम्ही पाणलोटाच्या झटपट पाहणीला गेलो होतो. एका गावाला दोन दिवस, एक नकाशा, एक फॉर्म. त्यावरून कुठल्या शेतांना बांधबंदिस्ती आणि कुठे चर, हे ठरणार. मी नुकताच पदवी घेऊन आलेलो, म्हणजे मला सगळंच येत होतं.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. गावची मंडळी पारावर, आबा खाली, चपलांशेजारी. बौद्धवाड्यातून ते एकटेच आले होते. वर बसा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही; मीही नाही. बैठक उठल्यावर जवळ येऊन म्हणाले, “जय भीम, सायब. पाणी जातंय कुठं ते आंधळ्यालाबी दिसतंय. येतंय कुठून ते बघाय वर चला.”

आम्ही वर गेलो नाही. गाडी खालच्या शिवारात जात होती, म्हणून खालूनच सुरुवात केली. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं असतं, हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

आबा मात्र दिवसभर आमच्याबरोबर दुसऱ्यांच्या शेतांतून फिरले. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि ती कुठली ते सांगायचं, ही त्यांची सवय. एका बागायतदाराच्या बांधावर उभे राहून म्हणाले, “ह्यात माजी बी माती हाय. सातबारा तेवढा त्येंचा.” मी हसलो. विनोद वाटला मला तो.

त्यांचं स्वतःचं रान म्हणजे माथ्यावरचं सरकारी गायरान. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं चाळीस वर्षं दगड वेचून तिथे बांध घातले होते. तूर, ज्वारी काढली होती. रान नावावर व्हावं म्हणून अर्ज केलेला, पण ते खरंच कसलं जातं याचा कागद नव्हता. आमच्या फॉर्मवर ‘लागवडीखाली’ एवढा एक शब्द त्यांना हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला ते सरळ सांगितलं. “फुकट नगं. डोळ्यानं बघा, मग लिवा.”

ऊन मी म्हणत होतं आणि संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा होता. मी गाडीत बसून उपग्रहाचा नकाशा उघडला.

“नकाशात सगळं दिसतं, आबा.”

“माजे बांध बी?”

“हो.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली. नकाशा उन्हाळ्यातला होता, आणि उन्हाळ्यात कोरडवाहू रान उघडंच असतं. माथ्यावर एक पांढुरका डाग तेवढा दिसत होता. मी लिहिलं: पड.

पड जमिनीवर आमच्याकडे एकच औषध होतं, सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, सगळं रान खोदत नेलेले. पुढच्या उन्हाळ्यात यंत्र आलं. गायरान असल्यामुळे कुणाची संमती लागली नाही. यंत्रापुढे आबा आडवे झाले तेव्हा त्यांना माझ्या सहीचा फॉर्म दाखवण्यात आला, असं मला नंतर कळलं.

पावसाळा सरल्यावर पाहुण्यांना काम दाखवायला मी गेलो. तेव्हा पहिल्यांदा माथ्यावर चढलो. चर काठोकाठ भरलेले, खाली विहिरींना पाणी, पाहुणे खूश. आबांच्या बांधांचे दगड चरांच्या कडेला पडलेले. आणि तिथेच आबा रोजंदारीवर चरांवरच्या रोपांना आळी करत होते. मला माझीच किळस आली. पाहुणे पुढे गेल्यावर त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, “आबा, चुकलं माझं. मी फॉर्म दुरुस्त करून देतो.”

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

“आता कशाला, सायब? आता पडच हाय की ती. बराबर लिवलंय तुमी.”