आईंच्या पलंगाखाली

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत बेसमेंटच्या भिंतीचं काम निघालं, तेव्हा मला ते रंगकामासारखंच वाटलं होतं. थोडे दिवस धूळ, ठोकाठोक, आणि मग संपलं. आम्ही तळमजल्यावर राहतो: मी, नवरा आणि यवतमाळहून आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई. खालच्या बेसमेंटमध्ये सगळ्यांची अडगळ पडलेली, त्यामुळे तिथे फारसं कुणी जात नसे. भिंतीचं प्लास्टर फुगलं होतं, त्यावर तांबूस ओघळ उतरले होते. यमुनेच्या इतक्या जवळ ओल येणारच, असं म्हणून सगळे पुढे जात.

काम सुरू झालं त्या सकाळी सोसायटीने नेमलेल्या इंजिनिअर बाईंनी मला खाली बोलावलं. त्या मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच होई. मिस्त्रीने छिन्नी लावली आणि काही ठोक्यांतच दाराएवढा काँक्रीटचा पापुद्रा सुटून धाडकन खाली आला. मी दचकून मागे झाले. आत जाडजूड सळया दिसतील असं मला वाटलं होतं. तिथे गंजाच्या तांबड्या रेघा होत्या. बाईंनी एक सळई चिमटीत धरून वाकवली, तर ती बिस्किटासारखी तुटली.

भिंतीमागचा सांडपाण्याचा पाइप कित्येक वर्षं गळत असावा, असं त्या म्हणाल्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. मग भिंतीकडे पाहत म्हणाल्या,

"ही भिंत अजून उभी कशी आहे, तेच मला कळत नाहीये."

मी वर पाहिलं. बरोबर माथ्यावर आईंची खोली होती.

आम्ही आजच्या आज घर सोडायचं ठरलं. नवरा ऑफिसातून निघाला. मी बॅगा भरायला घेतल्या. धूळ येते म्हणून आई दार लोटून आपल्या खोलीत साड्या घड्या करत होत्या. खाली माणसं छताला लोखंडी टेकू लावून ते आवळत होती. एकदम फरशीखालून कडाड असा आवाज आला. मी आईंच्या खोलीकडे धावले, तर दार उघडेना.

मी खांद्याने धक्के दिले. दार तसूभरही हललं नाही. टेकू जास्त आवळला गेला होता. त्याने बेसमेंटचं छत, म्हणजे आमची फरशी, किंचित उचललं होतं आणि चौकटीने दार गच्च धरलं होतं. खिडकीला लोखंडी जाळी. मी जिन्यातून खाली ओरडले, "रोको, सब रोको!" परत येऊन दाराची कडी धरून ओढत राहिले.

"घाबरू नकोस," आतून आईंचा आवाज आला. "मी खिडकीपाशी उभी आहे."

इंजिनिअर बाई वर धावत आल्या. माणसांनी टेकू अगदी सावकाश सैल केला, तरी दार सुटलं नाही. शेवटी ते करवतीने कापावं लागलं. आई त्या भगदाडातून वाकून बाहेर आल्या, काखेत साड्यांचं गाठोडं धरून. पाणी मागितलं. पण प्यायल्या नाहीत, पेला नुसता धरून बसल्या.

गाझियाबादला नणंदेकडे जाताना टॅक्सीत त्या बोलल्या. गेले कित्येक महिने त्यांना दुपारी पडल्यावर पलंगाखालून काहीतरी कोसळल्याचा आवाज यायचा. त्यांच्या थोरल्या बहिणीला म्हातारपणी असेच भास व्हायला लागले होते, आणि पुढे ती माणसंही ओळखेनाशी झाली.

"मला वाटलं, आता माझी पाळी," आई म्हणाल्या. "कुणाला सांगू?"

पुढे बसलेला नवरा मागे वळला. त्याच पलंगावर मी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर चहा घेत होते.

भिंत एकदम उघडली नाही. थोडा भाग फोडायचा, गंज खरवडायचा, शेजारी नव्या सळया बांधून काँक्रीट भरायचं, ते पक्कं झालं की पुढचा भाग, असं ते काम चाललं. बाहेर माती खणून पाइपही बदलला. थंडी सुरू होण्याआधी आम्ही घरी परतलो.

इंजिनिअर बाई भेटायला आल्या. मी त्यांना आवाजाचं फोनवर सांगितलं होतं. त्यांनी मोबाइलवरचा फोटो आईंसमोर धरला. अडगळ हलवताना मागे सापडलेला तो ढीग होता, छतावरून आणि भिंतीवरून गळून पडलेल्या काँक्रीटच्या ढेपळांचा. काही ढेपळं नारळाएवढी होती.

"तुम्ही ऐकत होता ते हेच, काकू. भास नव्हता तो."

आईंनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"परत एकदा सांग," त्या म्हणाल्या.