अर्ध्या साडीची गल्ली

संग्रहालय म्हटलं की माझे पाय दुखायला लागतात. काचेमागची नाणी, मुंडकं उडालेल्या मूर्ती आणि कोपऱ्यात डुलक्या घेणारा रखवालदार. त्यामुळे नागपुरात पुतणीचा साखरपुडा आटोपल्यावर दोन दिवस हातात उरले आणि नवरा म्हणाला, "विणकरांच्या वस्तीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, जाऊ या," तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या. "तिकीट नाही," तो म्हणाला. मग निघाले.

मेट्रोनं चितार ओळी चौकात उतरलो आणि गांधीबागेच्या कापडबाजारातून हातगाड्या चुकवत चाललो. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. आधी तर्री-पोहे खाऊन घ्या आणि रुमाल जवळ ठेवा, नाक वाहतं.

हे प्रदर्शन एका छताखाली नाहीच. गल्लीतल्या प्रत्येकानं आपली एक जुनी वस्तू आपल्याच दारात मांडली आहे. सलूनच्या आरशाखाली आजोबांची वस्तऱ्याची पेटी. सावजी खानावळीच्या गल्ल्याजवळ मसाला वाटून वाटून मध्ये खोल गेलेला पाटा. प्रत्येकापाशी हातानं लिहिलेलं कार्ड. ही सगळी जुळवाजुळव शिवणकाम करणाऱ्या मीनाताईंची.

शेवटचं घर आत्मारामजींचं. पुढच्याच खोलीत हातमाग, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. मागावर वांगी रंगाची साडी, अर्धीच विणलेली. भोवती दोरी, 'हात लावू नये'ची पाटी, आणि शेजारी टोपलीत सूत भरलेल्या कांड्या.

"अर्धी काहून ठेवली, काकाजी?" मी तिथली बोली वापरून पाहिली. ते हसले.

"पोरीसाठी लावली होती. ह्या कांड्या बायकोनं भरल्या. मंग ते गेली अन् माहा हात चालेना. मीनाबाई म्हने, अशीच राहू द्या, लोकाईले दिसते कसं विनतात ते."

"आता पुरी नाही करणार?"

"केली तं कांड्या सरतात ना, ताई. नाही केली तं पोरगी वाट पाहून राहिली."

मी मागाचा फोटो काढला.

दुपारी सावजीत जेवलो. दोघांचं पाचशेच्या आत झालं, पण मटण तिखट म्हणजे तिखटच. नवरा आपला चष्मा आत्मारामजींकडेच विसरून आल्याचं रात्री लक्षात आलं. हा माणूस डोकंही विसरेल, मानेवर घट्ट बसलंय म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. चष्मा सापडला. मी पुन्हा एक फोटो काढला आणि सहज कालच्याशी ताडून पाहिला. साडी चार बोटं वाढली होती! मी गुपचूप मीनाताईंचं दुकान गाठलं आणि दोन्ही फोटो पुढे केले, जणू मोठी चोरी पकडली.

"चूप ऱ्हाय वं ताई!" त्यांनी मशीन थांबवली. "माग काय मुका असते? दुपारी साऱ्या गल्लीले खटखट ऐकू येते. काकाजीले वाटते कोनाले मालूम नाही. आमी सारे बहिरे होऊन राहिलो."

"पण कार्डावर तर 'अर्धी साडी' लिहिलंय."

"लिहू दे ना. कोनी बोललं का त्याईचा हात पुन्हा थांबते."

मला माझीच लाज वाटली. निघताना आत्मारामजींना नुसता नमस्कार केला. 

नाशिकला परतून दोन महिने झाले आणि मीनाताईंनी एक फोटो पाठवला. माग रिकामा. दोरी गेली, पाटीही गेली. टोपलीत मात्र एक भरलेली कांडी तशीच.

"एक जास्त झाली वाटतं," नवरा चष्मा पुसत म्हणाला.

जास्त झालेली नाही. साडी थोडी आखूड भरली, असं मीनाताईंनी खाली लिहिलं होतं. पोरीच्या ते नेसतानाच लक्षात आलं, पण ती वडिलांना काही बोलली नाही. त्याच गल्लीत वाढलेली आहे ती.