डावं-उजवं

माझ्या संशोधनाला मराठीत एक नेमका शब्द आहे, आणि त्या शब्दानंच माझा घात केला.

आरशातल्या जुळ्या रेणूंवर मी सहा वर्षं घालवली. अणू तेच, वजन तेच. फरक एवढाच की एक डावा आणि एक उजवा, चपलांच्या जोडासारखे. नाकाला हा फरक लगेच कळतो. माझ्या रेणूचा एक जुळा पुदिन्याच्या वासाचा, दुसरा बाळंतशेपेच्या. यंत्राला मात्र घाम फुटतो. आम्ही थंड केलेल्या वायूवर डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे तीन झोत सोडायचो. रेणूला वरच्या पायरीवर जायला दोन वाटा असायच्या, एक थेट, दुसरी मधल्या पायरीवरून. झोतांचा ताल नेमका जुळला की त्या दोन वाटांच्या लाटा डाव्या रेणूत एकमेकींना जोर द्यायच्या आणि उजव्यात एकमेकींना मारून टाकायच्या. डावा वर चढायचा, उजवा खालीच राहायचा. ताल जरा चुकला की सगळं मुसळ केरात.

एवढं करून गावाकडे परतले तेव्हा बारामतीजवळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची जागा निघाली. शेळगावला आबा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून एकटे राहत होते. घरी राहून नोकरी करता आली असती. मला ती जागा हवी होती, दुसरं काहीच नको होतं.

मुलाखतीला आबांनीच मोटारसायकलवर नेलं. वाटेत मान मागे वळवून ओरडले, "घर कुठं म्हनून इचारलं, तर शाळंमागं म्हन. खोटं न्हाय, शाळा हायच की म्होरं."

खोटं नव्हतंच. शाळेमागे बुद्धविहार आणि विहाराला लागून आमचं घर. आजोबांनी धम्म घेतल्यावर वस्तीचं नाव बदललं, गावाची नजर बदलली नाही. आबांनी नोकरीची सगळी वर्षं 'शाळंमागं' याच उत्तरावर काढली. मला रागच आला. डॉक्टरेट झालेल्या बाईला घर कुठं हे कोण विचारणार आहे?

मुलाखतीत थोडा वेळ शिकवून दाखवायचं होतं, तेही मराठीत. मी फळ्यावर मथळा लिहिला: 'प्रकाशानं डावं-उजवं कसं करायचं?' पोरांना आवडेल असं वाटलं होतं. समोर समिती, मधोमध संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळे तात्या म्हणत. मी बोलत गेले तसा त्यांचा चेहरा आखडत गेला.

"बाई," ते मध्येच म्हणाले, "आमच्या संस्थेत डावं-उजवं कुनी करत न्हाय. समद्यांना सारकंच हाय हितं."

"नाही तात्या, मी रेणूंबद्दल बोलतेय."

"टोमणा वळखू येतो आमाला."

शपथेवर सांगते, माझ्या मनात टोमणा नव्हता. भेदभावालाही आपण हाच शब्द वापरतो, हे मी साफ विसरले होते. सहा वर्षं तो माझ्यासाठी फक्त कामाचा शब्द होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तात्यांनी माझा अर्ज उलटून पाहिला. आवाज एकदम मऊ झाला. "शेळगावच्या का? आमचं पावनं हायेत तितं. घर कुठं तुमचं?"

'शाळेमागं' अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "विहाराशेजारी."

"अस्सं. बरं, बरं. च्या घिऊन जावा."

मला हसू आलं. मी सहा वर्षं तीन झोतांचा ताल लावत बसले होते. या माणसानं एका प्रश्नात काम उरकलं आणि वर चहा पाजला.

बाहेर आबा गाडीपाशीच उभे होते. "घर इचारलं?"

"विचारलं."

"मंग काय म्हनलीस?"

"विहाराशेजारी."

किकवर ठेवलेला पाय त्यांनी खाली घेतला. आता चिडतील असं वाटलं. "मला न्हाय जमलं कधी," ते म्हणाले. "येकदाबी न्हाय." मग गाडी चालू केली.

जागा ज्याला मिळाली, त्याचं शिक्षण माझ्याहून कमी होतं. हे मी चिडून सांगतेय, तरी खरं आहे. मी आता इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचा पोल काढते. नळीत गाळलेला रस भरायचा, त्यातून प्रकाश सोडायचा आणि तो उजवीकडे किती वळला ते वाचायचं. त्यावरून साखर कळते. बारावीच्या मुलीलाही जमेल असं काम आहे.

घरी कुणी पाहुणा आला की आबा ती मुलाखत पहिल्यापासून सांगतात. 'विहाराशेजारी'पाशी आले की त्यांची छाती फुगते आणि ते माझ्याकडे बघतात. मी चहा ठेवायला आत जाते. मला शाबासकी नको होती. मला ती जागा हवी होती.