टाळीमास्तर आणि नानांचा हॉल

कुणाच्याही नव्या घरात शिरले की टाळीमास्तर आधी टाळी वाजवत. रामराम नाही, पाण्याच्या तांब्याला हात नाही. हॉलच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी, मग डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून थांबायचं. मग कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आणखी तीन-चार. आतून बायका "कोण आलं?" म्हणत बाहेर येत आणि बघतात तो पांढरी टोपी घातलेला, काडीसारखा उंच माणूस भिंतीकडे तोंड करून टाळ्या पिटतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. त्यांना तिथं नेणारा मीच असे.

मी तेव्हा जळगावला राहून यावल आणि एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर, या भागात बंगले बांधण्याची कामं घेत असे. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. केळीचा पैसा खेळू लागला होता आणि गावोगाव धाब्याची मातीची घरं पाडून स्लॅबचे बंगले उभे राहत होते. बंगला झाला की रंगीत टीव्ही येई, मग व्हीसीआर, आणि मग घरमालक म्हणे, "आता टॉकीजसारखा आवाज पाहिजे." स्पीकरची खोकी बनवायची, वायरी भिंतीतून न्यायच्या, कुणी कुठं बसायचं ते ठरवायचं, असं सगळं बेतून देणारा माणूस आमच्याकडे नव्हता. धुळ्याच्या देवपुरात असा एक जण राहतो, असं कळल्यावर मी त्यांना शोधून काढलं. पहिल्या दोन कामांतच मला वाटलं, शोधलं नसतं तर बरं झालं असतं.

मास्तर वीस-बावीस वर्षं धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांत पडद्यावरचं बोलणं नीट कळत नाही, म्हणून त्यांनी मालकाकडे भिंतींना जाड कापड लावून मागितलं होतं. एकदा नव्हे, दर दिवाळीला. शेवटी मालक म्हणाला, "लोक मारामारी बघायला येतात मास्तर, भाषण ऐकायला नाही." त्याच दिवशी मास्तरांनी केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. "मालक कधी बाल्कनीखाली बसलाच नाही हो," ते म्हणत. एरवी ते साफ मराठी बोलत, चिडले की अहिराणीवर येत, आणि बहुतेक वेळ ते चिडलेलेच असत.

गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एदलाबादला एका घरी त्यांनी सागवानाची सुरेख खोकी बनवून दिली. आतून पिंजलेला कापूस भरून, सांधे मेणासारखे जुळवून. आठ दिवसांनी आम्ही गेलो तर बाईंनी खोक्यांवर क्रोशाचे रुमाल टाकले होते आणि वर चिनीमातीची बदकं मांडली होती. मास्तरांनी एकेक बदक उचलून बाईंच्या हातात दिलं. म्हणाले, "ताई, तोंडावर फडकं बांधून तुम्ही माझ्याशी बोला बरं." बाई रडकुंडीला आल्या, त्यांचे यजमान माझ्यावर भडकले. परतताना बसमध्ये मी मास्तरांना फैलावर घेतलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि जळगाव आल्यावर एवढंच म्हणाले, "बदकं फार खडखडत होती."

यावलजवळच्या एका गावात नानांचा बंगला बांधला, ते माझं पहिलं मोठं काम. नाना पन्नाशीचे, केळीतले बडे शेतकरी, मनाने मोकळे. त्यांना हॉल असा हवा होता की आलेल्या सोयऱ्याने वर बघतच राहावं. मी तसा बांधला. दोन मजल्यांएवढी उंची, खाली संगमरवर, समोर अख्खी काचेची भिंत. त्या भागात तसा हॉल दुसरा नव्हता आणि मी नव्या गिऱ्हाइकाला आधी तोच दाखवायला नेत असे.

नानांचे वडील, आबा, ऐंशीच्या घरातले. जुन्या मातीच्या घरात सगळ्या गावाचे निवाडे त्यांच्यासमोर होत. बंगल्यात आल्यापासून ते बोलेनासे झाले. कुणी काही विचारलं की भलतंच उत्तर देत, मग तेही बंद झालं. कुणी म्हणे भ्रम झाला, कुणी म्हणे जुनं घर पाडलं याचा राग धरला. जळगावच्या डॉक्टरांनी वयाचे कान आहेत म्हणून सांगितलं. एक दिवस आबा वळकटी घेऊन केळीच्या बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेले. गावात बोलणं सुरू झालं, एवढा बंगला बांधला अन् बापाला बागेत ठेवला. नानांना ते फार लागलं.

म्हणून त्यांनी मास्तरांना बोलावलं. त्यांचा हिशेब सरळ होता. "आबाले रविवारची पौराणिक मालिका आवडते. चार मोठे स्पीकर लावा, एवढा दणका पाहिजे का त्याले सगळं ऐकू आलं पाहिजे. मग तरी तो घरात बसीन."

मास्तरांनी हॉलमध्ये टाळी वाजवली, मग चारी कोपऱ्यांत जाऊन पुन्हा वाजवली. मग बागेत गेले आणि आबांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून साध्या आवाजात विचारलं, "आबा, केळीला पाणी कितव्या दिवशी देता?" आबांनी लगेच उत्तर दिलं. पाण्यावरून जमिनीवर, जमिनीवरून जुन्या पुरावर, तासभर बोलणं चाललं. मी आणि नाना बांधावर उभे राहून ऐकत होतो. नाना माझ्याकडे बघत होते. दुपारी मास्तरांनी आबांना हाताला धरून हॉलमध्ये आणलं, सोफ्यावर बसवलं आणि तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच आवाजात गावांची नावं घेतली. यावल. रावेर. सावदा. आबा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले आणि मग हात झटकून म्हणाले, "निसता गलबला होते. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यावानी."

मास्तर माझ्याकडे वळले. "आवाज बठ्ठा शे भाऊ, पन शब्द एक बी नही." आवाज सगळा पोचतो पण शब्द नाही, कारण दगडावर, काचेवर आपटून तो परत येतो, एका शब्दावर दुसरा चढतो. तरुण कान ते निवडून घेतात, आबांच्या कानांना ते जमत नाही. मातीच्या भिंती आवाज पिऊन घेत होत्या, म्हणून तिथं आबा ठणठणीत होते. दणका वाढवला तर गलबलाही वाढेल. हे सगळं त्यांनी नानांना समजावून सांगितलं आणि उपाय सांगितला. लाकडी चौकटीत पिंजलेला कापूस भरून, वर जाड कापड ताणून त्या भिंतींना लावायच्या, खाली सतरंज्या, काचेला पडदे, आणि छत खाली घ्यायचं.

नाना हसायला लागले. "मी टॉकीज सांगतली मास्तर, अन् तुमी तं गादीवाले निघाले!"

मास्तर अडून बसले. निदान हॉलला लागून असलेली पूर्वेची लहान खोली तरी पंधरा दिवस द्या, म्हणाले. नानांनी दिली. धुळ्याहून त्यांचा पिंजारी मेव्हणा आला, कापूस पिंजून गेला. मास्तरांनी स्वतः चौकटी रंधल्या, कापड ताणून खिळे मारले. खोली तयार झाल्यावर आबांना आणून बसवलं. मोठी सून चहा घेऊन आली आणि सवयीने काही न बोलता कप ठेवून निघाली, तर आबा म्हणाले, "साखर कमी टाकली का व आज?" ती दारातच थांबली. दोन वर्षांत त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं.

आबांनी वळकटी घरी आणली. हॉलचे स्पीकर नानांना हवेच होते; पुढचा महिनाभर मास्तर त्यांच्या खोक्यांचं काम त्याच खोलीत बसून करत आणि आबा दुपारभर त्यांच्याशी बोलत. मी कामाची पाहणी करायला जाई तेव्हा दाराआडून दोघांचे आवाज येत, एक सलग, एक मधूनमधून हुंकार देणारा. नाना कधी डोकावून "काय म्हनता आबा?" म्हणत आणि केळीचा ट्रक भरायला निघून जात. नातवंडं हॉलमध्ये टीव्हीसमोर. सुना स्वयंपाकघरात. एका दुपारी मास्तर रंधा खाली ठेवून माझ्यावर उखडले. "खोली मी बनाडी दिधी. आते तिन्हामा बसनारा बी मीच आनू का?" मी म्हटलं, "मास्तर, लोकांना कामं असतात. तुमचं खोक्यांचं काम मात्र आठ दिवस मागे पडलंय." तेव्हा मला तेवढंच दिसत होतं.

मग नानांच्या मुलीला बघायला जळगावचे सोयरे आले. बंगला फिरून बघताना त्यांनी त्या खोलीचं दार उघडलं. आबा आत बसलेले, चारी भिंतींना गाद्या. पाहुण्यांतला एक जण हसून म्हणाला, "म्हाताऱ्याने डोकं आपटू नये म्हणून का हो?" नानांनी दार ओढून घेतलं. सोयरीक झाली, पण पाहुणे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी गड्यांनी सगळ्या चौकटी उतरवल्या. केळी वाहणाऱ्या ट्रकच्या तळाला त्या अंथरल्या, घडांना मार लागू नये म्हणून.

मास्तर आले तेव्हा भिंतींवर नुसती खिळ्यांची भोकं होती. नाना हॉलमध्ये बसले होते. नजर चुकवत म्हणाले, "लगीन हाये घरात मास्तर. लोक काय म्हनतीन? तुमी हॉलचं करा. चार स्पीकर, मोठे."

"नाना, या हॉलमध्ये आबांना काही कळणार नाही. दोष कानात नाही, हॉलमध्ये आहे. हवं तर यांना विचारा. यांनीच बांधलाय," मास्तर म्हणाले.

नाना माझ्याकडे वळले. "सांगा तुमी. हॉलमधी दोष आहे का?"

आबा पलीकडच्या सोफ्यावर बसून आमच्या तोंडांकडे बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र फैजपूरचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. त्याला मी दोन दिवसांनी हाच हॉल दाखवायला आणणार होतो. मी म्हणालो, "बांधकामात काही दोष नाही नाना."

मास्तर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "भाऊ, तुम्हाला तर ऐकू येतं ना?" मग त्यांनी पटाशी, रंधा, ड्रिल पिशवीत भरलं, आबांचे दोन्ही हात क्षणभर हातात घेतले आणि एकटेच बसथांब्याकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. त्यांच्याशी माझी ती शेवटची भेट. चार स्पीकर जळगावच्या एका दुकानदाराने लावून दिले. आवाज शिवारापर्यंत जाई.

आबा आठवडाभरात पुन्हा बागेत राहायला गेले आणि त्याच हिवाळ्यात तिथंच वारले.

तेरावं झाल्यावर नाना माझ्याकडे जळगावला आले. बराच वेळ केळीच्या भावाचं बोलले. निघताना म्हणाले, "महिनाभर आबा त्या मास्तरशी काय बोलत होता हो? लिहून विचारा ना त्याले. मले काहीच माहीत नही."

मी देवपूरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. क्षमा मागावी असं वाटत होतं, पण फक्त नानांचा प्रश्न लिहिला. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर त्यांच्या मुलीचं असावं, बोलणं त्यांचंच होतं. लिहिलं होतं, "आबा बोलले ते सगळं माझ्या लक्षात आहे. त्यांच्या लहानपणचं, नानांच्या आईचं, नाना जन्मले त्या साली पीक बुडालं त्याचं. पण ते मी सांगितलं तर नानांना वाटेल, आपलं ऐकून झालं. ऐकायला ते पलीकडच्याच खोलीत होते."

ते कार्ड मी नानांना दाखवलं नाही. तेव्हा मला वाटलं, मी त्यांच्यावर दया करतोय. मार्केटच्या फाटकाशी ते भेटले तेव्हा म्हणालो, "मास्तरांना काही आठवत नाही म्हणतात. वय झालंय." मास्तरांच्या बाबतीत नानांना सांगितलेलं हे माझं दुसरं खोटं.

मागे ट्रक हॉर्न देत होते. नानांनी माझं मनगट धरलं.

"एक बी गोष्ट नही? लहानशी? आखीन एक डाव विचारून पाहा ना त्याले."

मी विचारतो म्हणालो. विचारलं नाही.