दुसरी फेरी

"स्वल्प सावलीत या," असं म्हणून अण्णा शर्टाच्या टोकानं मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच पुसायचे. मग मोबाइल छातीशी धरून समोरच्या माणसाशी बोलत राहायचे. डोळ्यांसमोर कधी धरायचे नाहीत. "माझं तोंड झाकलं की माणूस मोबाइलशी बोलतो, माझ्याशी नाही." बोलता बोलता कधीतरी अंगठा टेकवायचे. एकच फोटो. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "कागदावर आणून देतो हां. परत येतो."

सुटीच्या दिवशी तुम्ही कधी आनेकलच्या बसमध्ये बसला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. खिडकीजवळ, मांडीवर फोटोंचं पाकीट.

बेंगळुरूत, राजाजीनगरात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. मी कळंबहून आलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी पुण्याचा.

"काय पुणेकर, जेवलास?"

"अण्णा, मी कळंबचा."

"सरी, बरं. पुण्याच्या जवळच की."

"सहा तास लागतात!"

"मग? बेंगळुरापेक्षा जवळच."

मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात बसच्या पाट्या वाचायला त्यांनीच शिकवलं. मी वेळेवर ऑफिसला पोचू लागलो तो त्यांच्यामुळं.

पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. दर रविवारी ते एखादी बस धरून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे. एकदा मीही गेलो. आनेकलच्या बसस्टँडवर बांगड्या विकणाऱ्या एका बाईंना त्यांनी मागच्या खेपेचा फोटो दिला. बाईंनी तो हात लांब करून बघितला आणि कन्नडमध्ये काहीतरी फणकारल्या.

"नाक मोठं काढलंस म्हणते," अण्णांनी मला सांगितलं, आणि तिला म्हणाले, "अक्का, नाक तुझं. माझा फक्त फोटो."

बाई एवढ्या हसल्या की बांगड्यांची पेटी हलली. चहा आला, तासभर बसणं झालं.

पुढं एका शनिवारी त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "जागा संपली म्हणतोय. बघ जरा."

आत शेकडो चेहरे होते. प्रत्येकानं हौसेनं आपला नंबरही देऊन ठेवलेला, 'मागडी न्हावी', 'होसूर फुलंवाली' असा जपलेला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला फोटो पाठवायला जमलं नसेल. उपकार फेडायची संधी मिळाली, या आनंदात मी दुपारभर बसून प्रत्येकाचा फोटो त्याच्या त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि मोबाइलमधली जागा मोकळी केली. अंगठे, हात जोडलेली चित्रं धडाधड यायला लागली.

"अण्णा, सगळे पाठवले!"

"सगळे?"

"एकही उरला नाही."

त्यांनी मोबाइल घेऊन खिशात ठेवला. "सरी. छान केलंस."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते पायरीवर बसले होते. नऊ वाजले, दहा वाजले.

"आज कुठं, अण्णा?"

"कुठं जाऊ? कुणाचंच काही द्यायचं राहिलं नाही."

तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं ते. त्यानंतरचे कितीतरी रविवार ते घरीच होते.

नोकरी बदलून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहायला निघालो, तेव्हा सामान खाली उतरवून म्हणालो, "अण्णा, माझा एक फोटो काढा. मोबाइलवर पाठवू नका. मला कागदावरच पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काच पुसली. "घरी आणून देतो," म्हणाले.

आमच्या सोसायटीत पाहुणा आला की फाटकावरून मोबाइलवर विचारणा येते. होकार दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिथल्या पहिल्याच रविवारी मी ऑफिसच्या कॉलवर होतो. विचारणा तीनदा आली, मला दिसली नाही.

संध्याकाळी फाटकावरच्या वॉचमननं माझ्या फोटोचं पाकीट हातात ठेवलं. रायचूरचा, पिकल्या मिशांचा माणूस. "अंकल डेढ़ घंटा बैठे. मेरा भी फोटो निकाला. बोले, अगले संडे लाके देता."

मी लगेच फोन लावला. "अण्णा, चुकलं माझं. तीन बस बदलून आलात तुम्ही..."

"असू दे रे पुणेकर. तुझा वॉचमन फार छान बोलतो. रविवारी त्याचा फोटो द्यायला येतोच आहे. तेव्हा दार उघड म्हणजे झालं." कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा ऐकला.

शुक्रवारी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. अण्णा सकाळी उठलेच नाहीत.

मुलगी यायची होती, म्हणून अंत्यविधी रविवारी झाला. दुपारी मी परतलो, तर वॉचमन फाटकाशी बसलेला. गणवेश नव्हता. पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस.

"आज तो आपकी छुट्टी है ना?"

"छुट्टी है साब. लेकिन अंकल आनेवाले हैं ना."

शेजारी त्यानं आणखी एक खुर्ची पुसून ठेवली होती. मी तिच्यावर बसलो नाही. तिच्या पाठीला धरून उभा राहिलो आणि त्याला कसं सांगावं, ते जुळवू लागलो.